हापुगोडाच्या कोर्टाबाहेरचे बाकडे

मित्रांनो, माझ्यावर कोणी हौसेने येऊन बसले नाही. मी हापुगोडाच्या कोर्टाच्या व्हरांड्यातले जुने बाकडे आहे. ज्याला तारीख असे, तोच माझ्याकडे येई.

सिलोनच्या डोंगरात, चहाच्या मळ्यांच्या पायथ्याशी आमचे गाव. तेव्हा इंग्रजांचे राज्य होते. सिमन सुताराने मला फणसाच्या लाकडातून घडवले. कोर्ट नवे होते तेव्हा तिथे दोन न्यायाधीश होते. सिंहली आणि तमिळ असे दोन दुभाषेही होते. सकाळी आलेला माणूस दुपारी जेवायला घरी पोचे. जाता जाता लोक माझ्यावर थाप मारून म्हणत, "बाकडं दणकट आहे हं!"

मग एक न्यायाधीश रजा घेऊन विलायतेला गेले, ते परतलेच नाहीत. त्यांची जागा कोणी भरली नाही. उलट उरलेल्या लुडेकेन्स साहेबांवर डोंगरापलीकडचे कोर्टही टाकले. एक आठवडा इथे, एक तिथे. साहेबांना सिंहली येई, तमिळ येत नसे, आणि तमिळ दुभाष्याची तर तिकडेच बदली झाली. साहेब घोड्यावरून उतरत ते थेट कोर्टात शिरत. दुसरा न्यायाधीश द्या, असे ते वारंवार वर कळवत.

एकदा ते कारकुनावर भडकले. "वरचे म्हणतात, तुमच्याकडे खटले कमी झालेत, आणखी माणूस कशाला? अरे, निकालच लागत नाही म्हणून लोक यायचे थांबलेत!"

त्याच सुमारास मुतुबंडाला पकडले. गावच्या प्रमुखाचा रेडा चोरल्याचा त्याच्यावर आळ होता. प्रमुखाच्या भीतीने जामीन राहायला कोणी पुढे आले नाही. त्याची बायको दिंगिरी अम्मा दर तारखेला नाचणीची भाकरी बांधून येई. तिच्याशेजारी मळ्यातला मजूर मुत्तय्या बसे. रेडा नेणारा माणूस त्याने डोळ्यांनी पाहिला होता. पण त्याला तमिळखेरीज काही येत नव्हते आणि अम्माला तमिळ कळत नव्हते. ती अर्धी भाकरी मोडून त्याच्या हातावर ठेवी. तो मान खाली घालून खाई. बोलणे एवढेच.

समोरच्या दुकानातले मरिकार नाना एकदा न राहवून कोर्टाच्या दारात आले. "साहेब, मुत्तय्याचं म्हणणं मी सिंहलीत सांगतो ना! मला दोन्ही भाषा येतात."

"नाना, तुम्ही मिरच्या विका. शपथ घेतलेलाच दुभाषा लागतो. तसा नियम आहे."

"मग नियमालाच तमिळ शिकवा!"

सगळे हसले. साहेबही हसले आणि त्यांनी पुढची तारीख दिली. दिंगिरी अम्मा तेवढी हसली नाही.

पावसाळ्यात तुरुंगात हगवणीची साथ आली. मुतुबंडा त्यात गेला. पण कोर्टाला कोणी कळवलेच नाही. तारखेला पट्टेवाल्याने नेहमीसारखी हाक दिली, "मुतुबंडा हाजिर हो!"

अम्मा माझ्यावरच बसली होती. म्हणाली, "जरा मोठ्यानं ओरड बाबा. तुरुंगामागं मातीत घातलंय त्याला. तिथवर जायला हवी तुझी हाक."

पट्टेवाला आत धावला. साहेब स्वतः बाहेर आले. हळू आवाजात म्हणाले, "अम्मा, माणूस गेला की खटला संपतो. आता मला काही करता येत नाही."

"तुमचा संपला. माझ्या लेकीला गावात चोराची पोर म्हणतात. तो चोर होता की नव्हता, तेवढं सांगा. मग उठते मी."

तिने माझी कड घट्ट धरली. तिची बोटे थंडगार होती. साहेबांनी तिच्याशेजारी बसलेल्या मुत्तय्याकडे पाहिले. मग रस्त्याकडे वळून त्यांनी हाक मारली, "मरिकार नाना, जरा येता का?"

नाना लुंगीला हात पुसत धावले. साहेब मुत्तय्याजवळ माझ्यावर बसले. न्यायाधीश माझ्यावर बसण्याची ती पहिलीच वेळ. मुत्तय्या सांगू लागला, नाना ते सिंहलीत सांगू लागले. रेडा पहाटे ओढ्यातून नेला तो प्रमुखाच्याच मेहुण्याने! साहेबांनी उलटसुलट खूप विचारले. मुत्तय्या कुठेही अडखळला नाही.

साहेब उठले, डोक्यावरची टोपी काढली आणि म्हणाले, "हे मी कोर्टात ऐकलेलं नाही, म्हणून याला किंमत नाही. पण मला पटलंय. मुतुबंडा चोर नव्हता."

अम्माने माझी कड सोडली.

"हे त्याच्या कानावर पडायला हवं होतं, साहेब," अम्मा म्हणाली. ती उठली आणि लेकीकडे निघून गेली. साहेब पुन्हा माझ्यावर बसले. त्या दिवशी ते आत गेलेच नाहीत.

वर्षभरात तापाने त्यांना अंथरुणाला खिळवले. दोन्ही कोर्टे बंद पडली, तेव्हा कुठे सरकारने दोन न्यायाधीश धाडले. दुभाषेही आले. पुढे कोर्टाची इमारत बदलली आणि माझी रवानगी मागच्या पडवीत झाली. आता माझा एक पाय वाळवीने पोखरला आहे.

त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी मोठ्या खुर्चीवर बसेल. काम फार असेल, हाताखाली माणसे कमी असतील. तरीही दिवसातून एकदा दार उघडा आणि बाहेर कोण बसले आहे, ते स्वतः पाहा. त्या माणसाला घरी जायचे असते.