आधी तळं दाखवा

राष्ट्रीय उद्यानाचं तिकीट ज्याने ठरवलं, त्या माणसाला मला एकदा भेटायचंय. मारायचं नाहीये. समोर बसवून एवढंच विचारायचंय की बाबा रे, झाडं तू लावलीस का? तळं तू खणलंस का? मग आमच्याच उशाचं जंगल बघायला आम्ही खिसा उलटा का करायचा? मी हॉटेलातल्या चादरींना इस्त्री करते. त्या चादरींवर लोळणारे पाहुणे सकाळी जंगलात जातात आणि संध्याकाळी येऊन कुरकुरतात, "एक जनावर दिसलं नाही." अरे, जनावरांना काय तिथे उभं राहायचा पगार मिळतो?

माझे वडील, अण्णा, बसचे ड्रायव्हर होते. आयुष्यभर एकच मार्ग: गाव ते उद्यानाचं गेट आणि गेट ते गाव. गेटसमोर एक गोल चौथरा आहे. त्याला वळसा घालायचा, माणसं उतरवायची, नवी चढवायची, परत फिरायचं. आत मात्र अण्णा कधीच गेले नाहीत. गर्दीचा हंगाम आला की त्यांची रजा रद्द आणि जादा फेऱ्या. हंगाम संपला की उद्यानाला कुलूप. अख्ख्या दुनियेला जंगलाच्या दारात नेऊन सोडणाऱ्या माणसाला ते दार उघडलंच नाही. निवृत्त झाल्यावर तिकीट काढून जाता आलं असतं, पण नाही. "ज्या गेटवर रोज आलो तिथे पैसे मोजून जाऊ? मी काय पाहुणा आहे?" हा अण्णांचा बाणा. बाणा कसला, निव्वळ हट्ट. माझ्यातही तोच उतरलाय, म्हणून मला बरोबर ओळखू येतो.

या हट्टापायी आईचं तळं राहून गेलं. लग्न ठरलं तेव्हा अण्णांनी तिला मोठ्या थाटात सांगितलं होतं, "आत एक मोठं तळं आहे म्हणे. तुला दाखवीन." झालं! ते एक वाक्य त्यांना जन्मभर भोवलं. अण्णा म्हणाले, "घराला रंग देऊ," की आई म्हणणार, "आधी तळं दाखवा." अण्णा म्हणाले, "नवा पंखा घेऊ," की, "आधी तळं दाखवा." निरोपसमारंभात डेपोचे साहेब भाषणात म्हणाले, "या माणसाने दिलेला शब्द कधी मोडला नाही." आई पहिल्या रांगेतून म्हणाली, "तळं?" अख्खा हॉल हसला. अण्णा हसले नाहीत. घरी येऊन मला म्हणाले, "पोरी, हिला ते तळं दाखवल्याशिवाय मला मरायची सोय नाही. ही वरपर्यंत मागे येईल."

वर्षातून एक दिवस उद्यानात प्रवेश फुकट असतो. त्या दिवशी जायचं ठरलं. आता ही अक्कल फक्त आम्हालाच सुचली असं आम्हाला का वाटलं, देव जाणे. माझ्या नवऱ्याची गाडी काढली. तो नळदुरुस्ती करतो, त्यामुळे गाडीत पाइपांचा आणि वॉशरांचा संसार. त्यात आम्ही चौघं आणि उकडलेल्या अंड्यांचा डबा. पहाटे निघूनही डोंगराच्या पायथ्यालाच रांग लागली. पुढे गाड्या, मागे गाड्या, मधे माणसं. कुणी गाडीच्या टपावर बसून दाढी करत होता.

आणि नियम असा की आत मावतील तेवढ्याच गाड्या सोडतात, मग गेटवर पाटी लटकते: जागा संपली. म्हणजे आम्ही पाटीच्या या बाजूला की त्या बाजूला, हा सगळा प्रश्न.

अण्णा मागच्या सीटवर होते, पण पाय मात्र पुढेच होते. "जावईबापू, गिअर बदला, गाडी रडतेय."

"अण्णा, गाडी उभी आहे."

"म्हणूनच रडतेय."

गेटच्या अलीकडच्या शेवटच्या वळणावर रांग साफ ठप्प झाली. उतरून बघितलं तर एक भाड्याची बस रस्त्यात आडवी अडकलेली. पुढचं चाक गटाराच्या तोंडाशी, मागचा भाग डोंगराला टेकलेला. ड्रायव्हर सपाटीवरचा होता, घाटाची सवय नाही. घामाने निथळत होता. आत निवृत्त नर्सबायांचं मंडळ. त्यांच्या मेट्रनबाई खिडकीतून त्याला धीर देत होत्या, "घाबरू नका. पडलोच तर आम्ही सगळ्या पट्ट्या बांधायला आहोत."

अण्णांना राहवणार कसं? आधी हातवारे केले. मग ओरडले. मग त्या ड्रायव्हरला म्हणाले, "उतरा साहेब, मी काढतो." तो इतक्या पटकन उतरला, जणू त्याला कुणी सुटकेचा कागदच दिला. अण्णा चढले. बस थोडी मागे, थोडी पुढे, पुन्हा मागे, आणि निघाली की बाहेर! लोकांनी टाळ्या पिटल्या. आई मला कोपर मारून म्हणाली, "बघ, तुझा बाप." तिच्या तोंडून एवढं कौतुक मी पहिल्यांदाच ऐकलं.

रस्ता मोकळा झाला. बस डौलात गेटसमोर गेली. गोल चौथऱ्याला सुंदर वळसा घातला. आणि तशीच, न थांबता, आमच्या शेजारून सूं करत गावाकडे उतरली.

आम्ही बघतच राहिलो. अण्णा समोर बघत होते, चेहरा अगदी शांत, हात चाकावर. गेट आलं, वळले, परत निघाले. आयुष्यभर केलं तेच.

"अहो!" आई ओरडली. कुणाला ऐकू जातंय! ती रस्त्याकडे बघत राहिली आणि मग म्हणाली, "तळं दाखवायला आणलं आणि मला गेटवर टाकून गेले."

बसचा खरा ड्रायव्हर डोक्याला हात लावून चौथऱ्यावर बसला.

इकडे आमच्या गाडीचा नंबर आला. गेटवरचा रखवालदार म्हणाला, "चला, चला, आत."

आई गाडीतून उतरली. "ते आल्याशिवाय मी आत जाणार नाही."

"आई, पाटी लागेल!"

"लागू दे. तळं बघायचंय ते त्यांच्यासोबत. एकटीने बघायचं असतं तर तुझ्या जन्माआधीच नसते का गेले?"

गाडी बाजूला घेतली. मागच्या गाड्या भराभर आत गेल्या. आणि माझ्या डोळ्यांदेखत पाटी लटकली. मी रखवालदारावर तुटून पडले. "फुकटाचा एक दिवस देता, त्यातही माणसाला दारातून हाकलता! तुमच्या साहेबांना म्हणावं, जंगल काय तुमच्या बापाचं आहे?"

तो थकल्या आवाजात म्हणाला, "ताई, माझ्याही बापाचं नाही. मी नुसता दांडा वर-खाली करतो." माझा राग तिथेच फुस्स झाला. चुकीच्या माणसावर ओरडण्यात मजा नाही.

तेवढ्यात खालून हॉर्न वाजला. बस परत आली होती. पुढे काय झालं होतं ते मेट्रनबाईंनीच सांगितलं. पहिला थांबा आला तशी अण्णांनी बस थांबवली, दार उघडलं आणि खणखणीत आवाजात विचारलं, "कुणी उतरणार का?" मेट्रनबाई म्हणाल्या, "ड्रायव्हरसाहेब, उतरू, पण जंगल तर मागे राहिलं." अण्णांनी आरशात बघितलं. सगळे चेहरे अनोळखी. मग एकदम कपाळावर हात मारून म्हणाले, "अरे देवा, माझी बायको!"

आता ते बसमधून उतरून आईसमोर मान खाली घालून उभे होते. मागे पाटी.

"चुकलो," ते म्हणाले.

आईने पाटीकडे बोट दाखवलं. बोलल्या त्या मेट्रनबाई. "आमच्या बसची जागा आधीच राखून ठेवलेली आहे. मागे सीटं रिकामी आहेत. वहिनी, चढा. आणि चालवणार हेच." खरा ड्रायव्हर तर हात जोडून तयारच होता. रखवालदाराने पाटीकडे बघितलं, बसच्या पासकडे बघितलं. "पास बसचा आहे," तो म्हणाला. "आत डोकी किती, ते मला कुणी विचारलेलं नाही." आणि दांडा वर.

मी आईमागोमाग चढले, नवरा गाडीजवळ थांबला. अंडी त्याच्याकडेच राहिली, आणि पुढे ती कुणालाच दिसली नाहीत.

तळ्याकाठी तर जत्रा लोटलेली. पाण्यापुढे पाठीच पाठी, पाठींवर पोरं, पोरांच्या हातात मोबाइल. उतरलेल्या नर्सबायांना पाणी सोडून सगळं दिसलं. आईही उतरायला उठली, पण अण्णा जागचे हलेनात. "गाडी सोडून ड्रायव्हर जात नाही. तू इथे बस." त्यांनी तिला शेजारच्या उंच सीटवर बसवलं.

आणि तिथून, सगळ्या डोक्यांच्या वरून, मोठ्या काचेतून, पूर्ण तळं दिसत होतं. निळं, रुंद, पलीकडच्या काठावर पांढरे पक्षी.

आई पुढे सरकली, कपाळ काचेला टेकेपर्यंत. मी मागच्या सीटवरून दोघांकडे बघत होते.

"मोठं आहे," शेवटी आई म्हणाली.

"म्हटलं होतं ना," अण्णा हळूच म्हणाले. त्यांचे डोळे भरले होते. मग सुटल्यासारखे हसले. "चला! आता तुझी बोलणी संपली. घरी गेल्यावर पहिला पंखा."

आईने पदर सावरला, तळ्यावरची नजर न काढता.

"पंखा आणायला जाल," ती म्हणाली, "तेव्हा मला दुकानाच्या दारात टाकून येऊ नका म्हणजे झालं."