टांगलेल्या कोरफडीला पाणी

बारा जणांनी पानाची एकेक गुंडाळी चावली आणि बाराही जण ठणठणीत राहिले. तेराव्या बाईनं चावली मात्र, तिची जीभ बघता बघता सुजली. ओठ फुगले, लाळ गळायला लागली. ती काहीतरी सांगायला गेली तर घशातून नुसती घरघर आली.

चौकात दोनशे माणसं होती. रविवारची प्रार्थना आटोपून सगळं गाव तिथंच थांबलेलं.

"पाहा, ला पेर्दिस गावच्या लेकरांनो, पाहा!" बंधू सोसिमो दोन्ही हात वर करून गरजला. "खरं बोलणाऱ्याला पान गोड आणि चेटकिणीला निखारा! मी काही केलं का? मी कोण? मी तर देवाचा हमाल!"

हमाल कसला, चोर मेला! पण तेव्हा त्याला चोर म्हणायची कोणाची छाती नव्हती. पहिला दगड कोणी मारला ते मी पाहिलंय. नाव सांगत नाही, परवाच त्याला धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं मी. दुसरा दगड त्या तेराव्या बाईच्या, एदेल्मिराच्या, डाव्या डोळ्यावर बसला आणि ती गुडघ्यांवर कोसळली. चार जण कोयते घेऊन समोरच्या तिच्या ओसरीत घुसले. दुधाच्या नि तेलाच्या डब्यांत लावलेली तिची शंभरावर झाडं त्यांनी सपासप तोडली, डबे लाथांनी उडवले. नेचे, बेगोनिया, सगळ्यांचा चिखल झाला.

मी ओतिलिया, इथल्या दवाखान्यात बावीस वर्षं नर्स आहे. आणि एदेल्मिरा कोण, तर जिनं या गावातली निम्मी घरं हिरवी केली ती विधवा. कुणाच्या खोलीत ऊन किती येतं, हे त्या घरच्या बाईपेक्षा हिला जास्त ठाऊक. फांदी मागायला जा, फांदीबरोबर कॉफी आणि चार शिव्या मिळायच्या. "पाणी कमी घाल गं, झाड आहे ते, म्हैस नाही!"

हीच सवय तिच्या जिवावर उठली.

आमच्याकडे दारामागे कोरफड उलटी टांगतात, लाल फीत बांधून. दुसऱ्याचा मत्सर ती शोषून घेते म्हणे. ती टवटवीत तोवर घर सुखात, आणि काळी पडली की कोणीतरी वाईट केलं. माझ्याही आईनं टांगली होती. टांगा बापडे, कोणाचं काय जातंय!

त्या रविवारच्या तीन आठवडे आधी हा सोसिमो खेचरावर बाटल्या लादून आला. दारोदार फिरून गळा काढायचा, "अरेरे! तुमची राखणदार तहानलेली! उपाशी शिपाई दार राखेल का, बाई?" त्याचा उपाय म्हणजे कोरफडीच्या मुळांना कापूस गुंडाळायचा आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर त्याचं मंतरलेलं पाणी ओतायचं. बाटल्या धडाधड खपल्या. एकटी एदेल्मिरा ओरडत फिरली, "अगं बायांनो, टांगलेल्या कोरफडीला पाणी घालू नका! तिचं पाणी तिच्या पोटात असतं. ओल्या कापसानं मुळं कुजतील, महिन्याभरात सगळ्या काळ्या पडतील."

महिनाही लागला नाही. चाळीस दारांमागून काळा चिकट रस भिंतीवर ओघळला. नुबियाच्या घरी तर कुजलेली कोरफड फितीतून निसटून थेट मळलेल्या कणकेत पडली. नुबिया किंचाळत रस्त्यावर आली, आणि सोसिमोनं अगदी शांतपणे विचारलं, "हे होणार म्हणून आधीच कोणाला बरं ठाऊक होतं?"

झालं! जिनं सावध केलं तीच चेटकीण ठरली, आणि ते सिद्ध करायला सोसिमोनं रविवारी चौकात पानाची परीक्षा मांडली. वैद्यानं ताप येईल म्हणावं आणि गावानं वैद्यालाच झोडपावं, तशातली गत.

तर आता एदेल्मिरा चौकात पडली होती आणि मी वाट काढत पुढं घुसले. तिच्या डोळ्यातून रक्त येत होतं, पण मला धास्ती तिच्या घशाची होती. श्वास आत जाताना शिटीसारखा वाजत होता.

एलिएसेर खाटीक आडवा आला. हातात सुरा. "बाजूला व्हा, सिस्टर."

"तिचा घसा सुजतोय, एलिएसेर. आत्ता दवाखान्यात नेली नाही तर गुदमरून मरेल."

"मरू दे. माझी पण कोरफड गेलीय."

"तुझी अक्कल कधी गेली ते सांग! कोरफडीसाठी माणूस मारतोस?"

त्यानं मला असं ढकललं की मी नुबियावर जाऊन आदळले. तिच्या हातात फरसबंदीचा उखडलेला दगड होता. मी तिचं मनगट धरलं.

"नुबिया, तीन वर्षांपूर्वी तुझ्या यायरला माझ्याकडे का आणलं होतंस?"

"आत्ता ते कशाला काढता, सिस्टर?"

"बोल! मोठ्यानं बोल!"

"त्यानं... झाडाचं पान चावलं होतं. आमच्या बैठकीतलं. ते पांढऱ्या ठिपक्यांचं."

"मग काय झालं?"

नुबियानं खाली एदेल्मिराकडे पाहिलं. "जीभ सुजली होती. लाळ गळत होती. अशीच... अगदी अशीच, सिस्टर."

"तेव्हा दीड वर्षाचं पोर तुझं! तो काय चेटूक करत होता? आणि पान ओळखून, तोंड धुऊन त्याला उचलून माझ्याकडे पळत कोण आलं होतं?"

"एदेल्मिरा," ती म्हणाली आणि दगड तिच्या हातून गळून पडला.

"सैतान, भावांनो, झाडाचंही रूप घेतो!" सोसिमो घाईघाईनं सुरू झाला. "ही परिचारिकासुद्धा..."

मी त्याच्या झग्याच्या दोन्ही खिशांत हात घातले. तो माझी बोटं पिरगाळायला लागला, तशी मी त्याच्या मनगटाला कडकडून चावले. हो, चावले! बावीस वर्षांत पहिल्यांदाच माणसाला इजा केली, आणि काडीचंही वाईट वाटलं नाही. खिशांतून लाल दोऱ्यानं बांधलेल्या गुंडाळ्या निघाल्या, दिसायला सगळ्या सारख्या. उजव्या खिशातली एक मी सोडली. आत केळीचं पान. ज्यात आपण मक्याच्या पिठाचे तमाल उकडतो तेच, कोणीही चावावं. डाव्या खिशातली सोडली. वरून तेच केळीचं पान, आत पांढऱ्या ठिपक्यांचा तुकडा.

"हे नुबियाच्या बैठकीतलं झाड," मी ती सगळ्यांसमोर धरली. "डिफेनबेकिया. निम्म्या गावाच्या खिडकीत आहे. दिसायला देखणं म्हणून आपण ठेवतो. याच्या रसात डोळ्यांना न दिसणाऱ्या सुया असतात, चावलं की जिभेत घुसतात. त्या सुयांना खरं-खोटं कळत नाही. पोपनं चावलं तरी पोपची जीभ सुजेल! बारा जणांना उजवा खिसा, एदेल्मिराला डावा. कारण ती याच्या बाटल्या खपू देत नव्हती." मी गुंडाळी त्याच्या तोंडासमोर नेली. "तू खरा ना? मग चाव."

त्यानं ओठ घट्ट मिटले.

दोनशे माणसांनी ते मिटलेले ओठ पाहिले. मग एलिएसेरची मूठ त्याच्या तोंडावर बसली आणि दोन दात फरशीवर पडले. कोणी त्याचे केस धरले, कोणी लाथ घातली, मघाचेच दगड पुन्हा उचलले गेले. एलिएसेरनं सुरा उगारला.

मी मध्ये पडले. सुरा माझ्या दंडाला चाटून गेला, व्रण अजून आहे.

"मघाशीही तुमची अशीच खात्री होती ना?" मी ओरडले. "याला पोलीस नेतील. तुम्ही तिला उचला. अरे, ती मरतेय!"

उचलली एलिएसेरनंच. पळत नेली. बर्फ, इंजेक्शनं, ऑक्सिजन. संध्याकाळपर्यंत मी तिच्या छातीवरून नजर काढली नाही. श्वास परतला. डावा डोळा गेला तो गेलाच.

तेव्हापासून लोक मला विचारतात, सिस्टर, आम्ही असे कसे फसलो? काही अवघड नाही. चाळीस घरांत एकच गोष्ट बिघडली, तर त्या चाळीस घरांनी नवीन काय केलं हे आधी बघायचं. बाटली सगळ्यांच्या घरात होती. बाटलीकडे कोणी पाहिलं नाही, सगळ्यांनी बाईकडे पाहिलं. चमत्कार दिसला की हात जोडण्याआधी खिसे तपासा. एवढं केलं असतं तर तिचे दोन्ही डोळे आज शाबूत असते.

पाचव्या दिवशी दवाखान्याच्या दारात रांग लागली. कोणी डबा सरळ ठोकून आणलेला, कोणी तिच्याच ओसरीतून कधीकाळी नेलेल्या झाडाची फांदी. नुबिया सगळ्यात मागं, मान खाली घालून. एदेल्मिराच्या तोंडातून तोवर शब्द फुटला नव्हता. तिनं एका डोळ्यानं रांग न्याहाळली आणि ओठ हलवले. मी पाण्याचा पेला पुढं केला, तो तिनं बाजूला सारला.

"सांगितलं होतं ना," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, "पाणी घालू नका म्हणून."

नुबिया रांगेतच खाली बसली आणि हमसून रडायला लागली.