खांद्यावरची रिकामी जागा

मी मातीचा आजोबा बोलतोय. डोळे मिटलेले, गोष्ट सांगायला तोंड उघडं, अंगावर पाच नातवंडं. खरं तर सहा होती.

मला मार्सलीनानं घडवलं, अकोमा या आमच्या मूळनिवासी कुंभारांच्या गावात, पठाराखालच्या तिच्या घरात. माती खणण्याआधी तिनं मक्याचं पीठ वाहून मातीची परवानगी मागितली. मग आजीच्या फुटलेल्या घागरीची खापरं कुटून त्या मातीत मिसळली. आमच्याकडे तशीच रीत. म्हणून माझं वय सांगणं अवघड आहे.

सांता फे शहरातला कलावस्तूंचा बाजार दोन दिवसांवर आला होता. मार्सलीनाचा तो पहिलाच. मला भाजायला तिनं माझ्याभोवती गोवऱ्या रचल्या आणि वारं सुटलं.

"आज राहू दे गं," तिची मावशी सेफेरीना म्हणाली.

"तुझं ऐकत बसले तर म्हातारी होईन मी."

"मी झालेच ना."

मार्सलीनानं काडी ओढली. आग एकाच बाजूला भडकली. माझ्या डाव्या खांद्यावर फट्कन आवाज झाला. निवल्यावर पाहिलं तर सहावा नातू राखेत पडलेला.

तिनं गोंदाची बाटली आणली. "चिकटवते. वरून रंग देते. कुणाला कळणारे?"

"कुणाला नाही," मावशी म्हणाली. "मग आजीची खापरं तरी कशाला घातलीस? कुठलीही वाळू चालली असती."

मार्सलीनानं बाटली उघडली, तुटलेला नातू माझ्या खांद्याशी लावून पाहिला. माझं तोंड उघडं, पण मला काही बोलता येईना. शेवटी तिनं झाकण लावलं.

बाजारात एका बाईनं मला उचललं. "इथं कोण होतं?"

"एक पोरगा होता," मार्सलीना खाली बघत म्हणाली. "मी वाऱ्यात भाजलं. घाई केली."

बाईनं मला अलगद खाली ठेवलं. मला कुणीच नेलं नाही.

घरी येऊन तिनं त्या नातवाला बारीक कुटलं, चाळलं आणि नव्या मातीत मळलं. नवा आजोबा वाळला, तरी चार दिवस ती रोज सकाळी वारा बघायला ओलं बोट हवेत धरून परत आत यायची.

"आता तूच म्हातारी होणार," मावशी म्हणाली.

पाचव्या दिवशी वारं पडलं. नवा आजोबा अख्खा निघाला आणि दूरच्या कुणाच्या तरी घरी गेला. माझा नातू त्याच्या अंगात आहे.

मी इथं खिडकीत असतो. येणारे माझ्या खांद्याकडे बघून हळहळतात. मला त्याचं काही वाटत नाही. मार्सलीना, खापरं कमी पडली तर संकोच करू नकोस, मला उचल. फक्त भाजायच्या दिवशी वारं पडलेलं असू दे.