डोहातून काढलेला डोंगा

माझ्यासमोरच्या पाटीवर 'प्राचीन नौका' असं लिहिलं आहे. मित्रांनो, पाटीवर विश्वास ठेवू नका. मी एक जुना डोंगा आहे, प्राचीन मुळीच नाही. अवघी अडतीस वर्षं झाली मला. वैनगंगेकाठच्या वडघाट गावात एका सिमेंटच्या चबुतऱ्यावर मला बसवलं आहे. नदी माझ्यापासून वीस पावलांवर आहे, आणि मी तिच्यात पुन्हा कधीच उतरणार नाही.

येनाच्या, म्हणजे ऐनाच्या झाडाच्या, एकाच खोडातून सोमाजी नावाड्यानं मला कोरलं. दोन महिने तो वासल्यानं माझं पोट तासत होता. तेव्हा वडघाट म्हणजे मोठं बंदरच होतं. बांबू, मोहफुलं, धान, बाजाराला जाणारी माणसं, त्यांच्या बकऱ्या, सगळं डोंग्यांतूनच ये-जा करी. आम्ही बावीस डोंगे होतो. पुढं खालच्या अंगाला पूल झाला, रस्ता तिकडून गेला आणि घाट ओस पडला. एकेक डोंगा चुलीत गेला. मी उरलो, कारण समोरच्या कोसमटोल्याला पावसाळ्यात दुसरी वाटच नव्हती. सोमाजीनंतर त्याचा मुलगा सुकलू मला वल्हवू लागला.

आमची एक रीत होती. होळी झाली, नदी पायी उतरण्याजोगी झाली की सुकलू माझ्यात दगड भरायचा आणि मला डोहात बुडवायचा. येनाचं लाकूड पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, पण कोरडं पडलं की उभं तडकतं. पाऊस येईपर्यंत मी गाळात आरामात पडून असायचो. अंगावरून मासे फिरायचे, गुदगुल्या व्हायच्या. त्यापेक्षा मोठं सुख मला ठाऊक नाही.

मग घाटाचे दिवस पालटायचे ठरले. वडघाट आणि शेजारचं रेतीटोला, जिथं शहरातले लोक वाळूवर सहलीला येतात, अशा दोन्हींचा मिळून विकास. फरशीच्या पायऱ्या आल्या, रंगीत दिवे आले, रेतीटोल्याला पायानं चालवायच्या हंसाच्या नावा आल्या. वैनगंगेत हंस कोणी पाहिले होते कोण जाणे! कामं संपत आली तेव्हा या विकासाचे मोठे सरकारी साहेब म्हणाले, "इथं एखादी जुनी होडी हवी. लोक फोटो काढतील." आणि गेल्या चैत्रात मला डोहातून वर काढलं.

सुकलू हात जोडून म्हणाला, "साहेब, येनाचा हाये हा. उन्हात ठेवला तं तडकन. पावसाळ्यात कोसमटोल्याले हाच लागते."

"आठ दिवसांचा प्रश्न आहे. उद्घाटन झालं की घेऊन जा."

खरं सांगू? सुकलूला बरंही वाटलं. बापाच्या हातची वस्तू साहेबांच्या डोळ्यांत भरली होती. स्टेजवर बोलावून शाल देणार होते. त्यानं मान डोलावली, आणि माझं मरण तिथंच ठरलं.

उद्घाटन पुढं ढकललं, मग पुन्हा ढकललं. सुकलू रोज ओली पोती आणून माझ्यावर टाकायचा आणि चौकीदार बिरजू ती काढायचा. "काऊन टाकून राह्यला गा? फोटोत घाण दिसते म्हणते साहेब."

"मंग घेऊनच जातो मी त्याले."

"आता नाई जमत भाऊ. सरकारी यादीत चढला तो."

बिरजू तरी काय करणार, हुकमाचा ताबेदार. पुढं मला निळा तेलरंग फासला आणि साखळीनं बांधलं. वैशाखात भर दुपारी माझ्या पोटात कटकन वाजलं. भेग या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली. रंगामुळं ती कोणाला दिसली नाही. सुकलूनं मात्र तिच्यावरून बोट फिरवलं.

श्रावणात पूर आला. एका सकाळी पलीकडून बुधरीबाईची हाक आली, "सुकलूभाऊ, डोंगा आण! माह्या नातीले लय ताप हाये!" चार माणसांनी दिव्याला, तिच्या नातीला, बाजेवर आणलं होतं. हंसांना पुरात कोण सोडणार? ते कुलपात होते, आणि रेतीटोल्याचा डोंगा पुराच्या धारेविरुद्ध इथवर येणं शक्य नव्हतं. सुकलूनं दगडानं साखळी तोडली. बिरजूनंही हात लावला. भेगेत चिंध्या कोंबून, वरून डांबर लावून त्यांनी मला पाण्यात ढकललं. मित्रांनो, मी फार धडपडलो. पण दहा हात गेलो नाही तोच पाणी आत आलं आणि मी तळाला बसलो. सुकलू कसाबसा पोहत काठाला लागला. पलीकडे ती माणसं दुपारपर्यंत उभी होती. मग त्यांनी बाज उचलली आणि परत फिरली.

पूर ओसरल्यावर बुधरीबाई एकटीच आली. दिव्या गेली होती.

"तुनं डोंगा दिलाच काऊन भाऊ?" तिनं विचारलं. मला तिच्याकडे बघवत नव्हतं.

मला गाळातून काढून पुन्हा चबुतऱ्यावर बसवलं, भेग सिमेंटनं बुजवली. आता तुम्ही मुलं सहलीला येता, माझ्यात बसून फोटो काढता, 'किती छान' म्हणता. तुमच्यावर माझा राग नाही. पण एखाद्या वस्तूचा मान करायचा असेल, तर ती कशानं जगते हे तिला वापरणाऱ्याला आधी विचारावं, एवढं शिका.

काल साहेब पुन्हा आले होते. रेतीटोल्यालाही असाच एक हवा, जोडी शोभेल, म्हणाले. तिथल्या लालसूचा डोंगा अजून पाण्याखाली आहे. त्याच्या जिवावर तीन गावं पावसाळा काढतात. लालसूनं होकार दिला आहे. परवा तो वर काढणार आहेत. मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कोणी लालसूकडे जाईल का?