पुंजारामचं तोंड

मी एक जुना लग्नाचा कॅमेरा आहे, मित्रांनो. गोड बोलेन अशी आशा ठेवू नका. माझ्या कुशीला चिकटपट्टी आहे, ती माझ्या मालकाच्या, महेशच्या रागामुळं.

कारखान्यात मला हातमोजे घालून हाताळलं होतं. महेशनं घरी आणल्यावर हळदकुंकू वाहिलं, आणि दुसऱ्याच दिवशी लग्नात नेलं. तिथून नुसत्या पंगती. अंगावर अक्षता, मठ्ठा, सगळं झेललं. लग्नात कायदा एकच, कुणाचं तोंड शूटिंगमधून सुटता कामा नये. एकदा नवरीचे मावसा राहिले, तर ते दुकानात येऊन भांडले. तेव्हापासून महेश दिसेल त्या तोंडावर झूम मारतो. लोक कौतुक करायचे, "महेशच्या शूटिंगमध्ये सगळे येतात." मग ड्रोनवाले आले. महेश त्यांच्या कॅमेऱ्यावर पंगती घ्यायला लागला, मी कपाटात गेलो. भिंगाला बुरशी लागली, कोणी बघितलंसुद्धा नाही.

यंदा त्याची मामेबहीण सायली आली. तिला छोटी थ्रिलर फिल्म करायची होती, येवल्यात, विणकर विमलाबाईंच्या पैठणीच्या मागावर. गोष्ट एवढीच की बाई एकटी विणत बसलीय आणि दारातून कोणीतरी येतं. ते कोणीतरी म्हणजे विमलाबाईंचा भाऊ पुंजाराम. गडी खास दाढी करून आलेला.

पहिला शॉट लांबून. खोली मोठी, बाई लहानशी, इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्याची खटखट. झकास चाललं होतं. तेवढ्यात पुंजाराम दारात आला आणि महेशचा हात आपोआप झूमवर. पुंजाराम हसला.

"कट!" सायली ओरडली. "महेशदादा, तू आहेराचं शूटिंग घेतोयस का? चेहरा दिसला की भीती संपली!"

"माणूस आलाय तर दाखवू नको?"

परत घेतलं. परत तोंड. परत. विमलाबाईंनी धोटा ठेवून दिला. "तुमचं भांडण मिटू द्या, मंग मी विणते."

सायलीचा पारा चढला. "हा शेवटचा. नाही जमला तर उद्या दुसरा कॅमेरावाला येईल. तू जा तुझ्या पंगतीत."

महेश पांढराफटक पडला. कपाटातून मला काढताना त्यानं आईला सांगितलं होतं, आता लग्नं बंद, आता पिक्चर. दुसरा आला की तो परत पंगतीत आणि मी परत कपाटात.

त्यानं मला स्टँडवरून उपसलं आणि मागाच्या कडेला फरशीवर आदळलं. चिकटपट्टी फाटली. "घे सायले! आता कुणाचंच तोंड दिसणार नाही. बस बोंबलत!"

फरशीवरून मला दिसत होते फक्त ताणलेले रेशमाचे धागे, त्यांच्यावर विमलाबाईंचे हात, आणि पलीकडं उघडं दार. विमलाबाईंनी धोटा परत उचलला. खट. खट. खट. धाग्यांवर सावली आली. हात थांबले. दारात दोन पाय. नुसते पाय. आत येईनात, जाईनात.

कट म्हणायला सायली विसरली.

"बाई गं," विमलाबाई म्हणाल्या, "माझाच भाऊ हाय, तरी काटा आला."

"नुसते पाय?" पुंजाराम माझ्या स्क्रीनमध्ये डोकावून भडकला. "मी दाढी कशाला केली मंग?"

सायलीनं माझ्या स्क्रीनवर तो शॉट बघितला. पुन्हा बघितला. मग म्हणाली, "परत घ्यायचा."

"का? मस्त आलाय की!"

"आलाय. पण तू तो मला चिडवायला घेतलास. उद्या चिडला नाहीस तर कसा घेशील? आता समजून घे."

महेशनं तिच्याकडं खाऊ की गिळू असं बघितलं. मग खाली बसला. पुंजारामच्या पायांकडं बघितलं, धाग्यांकडं बघितलं, मला बोटभर उजवीकडं सरकवलं. आणि शर्टाच्या टोकानं माझं भिंग पुसलं. कितीतरी वर्षांनी.

मित्रांनो, आम्हाला आपटू नका. कपाटात कोंडू नका. आणि भिंग मऊ कापडानं पुसा, शर्टानं नको, ओरखडे पडतात.

पण त्या दिवशी मी तक्रार केली नाही.