भिंतीपलीकडची हॉकी

मित्रांनो, मी एक जुनी शिडी आहे आणि हॉकीतलं मला पुष्कळ कळतं. हसू नका. माझ्यावर हसणारे मी खूप पाहिलेत. त्यातले निम्मे माझ्या चौथ्या पायरीवर आले की ‘‘अरे, धरा रे कोणीतरी’’ म्हणून ओरडतात.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. हात चांगला होता त्याचा, पण तोंड त्याहून जास्त चालायचं. गप्पांच्या नादात त्याने माझा एक पाय दुसऱ्यापेक्षा तसूभर आखूड कापला. मग ‘‘चालायचंच’’ असं म्हणत त्याखाली जुन्या टायरचा तुकडा ठोकून दिला. तेव्हापासून मी एकाच पायात बूट घालून उभी आहे. पुढे मला एका रंगाऱ्याने विकत घेतलं. अंगाने काटकुळा, बोलण्यात कंजूष, आणि शर्टाचा मूळ रंग बायकोलाही आठवू नये असा माणूस. त्याने मला खांद्यावर टाकलं आणि मी त्याची झाले.

कामाची वर्षं छान गेली. दवाखान्याचा फिका हिरवा, शाळेचा पिवळा, केस कापायच्या दुकानाचा गुलाबी, सगळे शिंतोडे माझ्या अंगावर साठत गेले. घरमालक नव्या भिंतीचं तोंड भरून कौतुक करायचे, रंगाऱ्याचं जेमतेम करायचे आणि माझ्या वाट्याला ‘‘ती शिडी आधी बाहेर काढा’’ एवढंच यायचं. मला राग यायचा. अजून येतो.

रंगाऱ्याला एकुलती एक लेक. सुट्टीच्या दिवशी ती बापाबरोबर कामावर येऊन माझ्या पायाशी बसायची. वरून कधी ब्रश निसटायचा, कधी पत्र्याची पट्टी, कधी रंगाने निथळणारं फडकं. फरशीवर डाग पडला की घरमालक घर डोक्यावर घ्यायचे. म्हणून खाली येणारी वस्तू फरशीला लागायच्या आत अडवायचं काम लेकीने आपणहून पत्करलं. हाताने, पायाने, गुडघ्याने, एकदा तर कपाळाने. ती कॉलेजात गेली तेव्हा हॉकीच्या प्रशिक्षक बाईंनी विचारलं, ‘‘गोलात कोण उभं राहणार?’’ सगळ्या मुली आपापल्या बुटांकडे बघायला लागल्या. ही म्हणाली, ‘‘मी राहते. अडवायची सवय आहे मला.’’

आता त्या कॉलेजच्या समर्थकांविषयी सांगते. माणसं जिवाला जीव देणारी, पण संघ इतकी वर्षं हरत आला होता, की बिचाऱ्यांचा खेळावरचा भरवसा उडून सगळी भिस्त शकुनांवर आली होती. कॉलेजच्या ग्रंथपाल बाईंनी कधीकाळी तपकिरी स्वेटर घातला असताना संघ जिंकला होता. तेव्हापासून त्या भर उन्हातही तोच स्वेटर घालायच्या आणि हंगाम संपेपर्यंत धूत नसत, त्यामुळे त्यांच्या शेजारची जागा नेहमी रिकामी मिळे. कँटीनवाले मामा एकदा मैदानाकडे पाठ करून कप विसळत असताना गोल झाला होता. झालं, मामा तेव्हापासून प्रत्येक सामना पाठ फिरवून बघतात. बघतात कसले! ज्या संघावर ते जीव ओवाळून टाकायचे त्या संघाचा खेळ त्यांनी डोळ्यांनी पाहिलाच नव्हता. आणि या सगळ्यांची म्होरकी होती दुसऱ्या वर्षाची एक मुलगी. तिचा आवाज असा, की सगळे तिला भोंगाच म्हणायचे. तीही त्या नावाला ‘ओ’ द्यायची, आणि ती ‘ओ’ तीन गल्ल्यांपर्यंत ऐकू जायची.

लेकीचा पहिला सामना बघायला रंगारी थेट कामावरून गेला. संघ सपाटून हरला. दुसऱ्या सामन्यालाही तो गेला आणि संघ पुन्हा हरला. तिसऱ्याला त्याला कामामुळे जाता आलं नाही, आणि संघ जिंकला. चौथ्याला तो फाटकाशी पोहोचला तर समर्थक वाट अडवून उभे.

‘‘काका, राग मानू नका,’’ भोंगा तिच्या मानाने हळू आवाजात म्हणाली, ‘‘पण तुमचा पाय जरा पांढरा आहे.’’

सगळ्यांनी खाली पाहिलं. रंगारी सकाळपासून चुना मारून आला होता. पाय घोट्यापर्यंत पांढरेफटक होते. आता असा पुरावा समोर असल्यावर माणूस वाद तरी काय घालणार? तो मुकाट्याने मागे फिरला. खरं सांगायचं तर त्याला स्वतःलाही ते थोडंसं पटलं होतं. आपल्यामुळे लेक हरायला नको, एवढंच त्याच्या मनात होतं.

पण पाय घराकडे वळेनात. त्याने मला मैदानामागच्या गल्लीत आणलं आणि उंच भिंतीला टेकवलं. ‘‘आत नाही गेलो म्हणजे झालं ना?’’ तो मला म्हणाला. ‘‘भिंतीबाहेर कसला आलाय शकुन!’’ आणि तो वर चढला.

मित्रांनो, शिडी भिंतीला टेकली की तिचं तोंड विटांकडे असतं. मला दिसायच्या त्या फक्त विटा. तेव्हा हॉकी मी रंगाऱ्याच्या पायांवरून शिकले. अंगठे दाबले गेले की चेंडू आपल्या गोलाकडे येतोय. टाचा उचलल्या की पेनल्टी कॉर्नर. एका पायाने दुसरा पाय खाजवला की खेळ मधल्या पट्ट्यात रखडलाय. आणि लेकीने गोल अडवला की तो असा थयथयाट करायचा, की माझे सांधे खिळखिळे व्हायचे. मध्यंतरात संघ बाजू बदलायचे. मग हा मला उचलून मैदानाच्या दुसऱ्या टोकाला धावत न्यायचा, कारण लेक ज्या गोलात त्याच्यामागे बापाची शिडी.

संघ जिंकला. पुन्हा जिंकला. मग जिंकतच सुटला. दर वेळी भिंतीपलीकडे रिकामे डबे बडवले जायचे, भोंगा घोषणा द्यायची, ग्रंथपाल बाई हुंदके देऊन रडायच्या आणि ‘‘काय झालं? कोणीतरी सांगा ना, काय झालं?’’ असं मामा विचारत राहायचे. भिंतीच्या अलीकडे मात्र आम्ही दोघंच. ओरडायची सोय नव्हती, पकडले गेलो असतो. तो खाली उतरून माझ्या दांड्यावर थोपटायचा. ‘‘जिंकलो गं,’’ एवढंच म्हणायचा.

एका संध्याकाळी लेक अंगणात बसून गोलरक्षकाचे जाड पॅड पुसत होती. मी शेजारी जमिनीवर आडवी पडलेली. ती बापाकडे न बघता म्हणाली, ‘‘बाबा, सगळ्यांच्या घरचे येतात सामन्याला. तुम्ही दोनदा आलात, दोनदा हरलो. माझी लाज वाटली का तुम्हाला?’’

‘‘छे गं, काहीतरीच काय! काम असतं.’’

‘‘रोज?’’

तो नखातला चुना खरवडू लागला. आपण बाहेर का उभे राहतो हे सांगितलं असतं तर ही पोरगी समर्थकांशी भांडली असती आणि खेळातलं लक्ष उडालं असतं. पण तिचा पडलेला चेहरा मला बघवेना. मी जीव खाऊन ओरडले. शिडीचं ओरडणं म्हणजे एक कुरकुर. ‘‘वाळवी लागली वाटतं हिला,’’ तो म्हणाला, आणि विषय तिथेच संपला.

उपांत्य सामन्यात आमचं बिंग फुटलं. उन्हात स्वेटरमध्ये जीव घाबरा झाला म्हणून ग्रंथपाल बाई वारा खायला गल्लीत आल्या आणि त्यांनी आम्हाला पाहिलं.

‘‘कोण आहे वर? उतरा खाली!’’

‘‘थांबा हो बाई, पेनल्टी कॉर्नर आहे.’’

‘‘अगं बाई! कोणाला?’’

‘‘त्यांना.’’

बाईंनी येऊन मला मिठीच मारली. त्या स्वेटरच्या वासाबद्दल मी बोलत नाही. ‘‘अडवला का? सांगा ना!’’

‘‘अडवला!’’

दोघांनी मिळून मला गदागदा हलवलं. मग बाईंना एकदम ओळख पटली. ‘‘तुम्ही? तिचे वडील? कधीपासून आहात इथे?’’

‘‘प्रत्येक सामन्याला असतो,’’ रंगारी अपराधी आवाजात म्हणाला.

बाईंचा आवाज आधी पडला, मग एकदम खुलला. प्रत्येक सामन्याला हा माणूस इथे, आणि प्रत्येक सामना खिशात! सामना जिंकल्यावर गल्लीत तातडीची बैठक भरली. ठराव एकमताने झाला, की अंतिम सामन्याला काकांनी हाच शर्ट घालून, याच शिडीवर, भिंतीबाहेरच उभं राहायचं. काल पांढऱ्या पायाचा म्हणून बाहेर, आज सोन्याच्या पायाचा म्हणून बाहेर!

‘‘अंतिम सामना तरी आत बसून बघू द्या,’’ रंगारी म्हणाला. एवढं सलग बोलताना मी त्याला क्वचितच ऐकलं होतं. ‘‘लेकीला वाटतंय, बाप येतच नाही. तिला वाटतंय, मला तिची लाज वाटते.’’

सगळे जरा घुटमळले. मग मामांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘काका, मी इतकी वर्षं पाठ फिरवून बसतोय. त्याग सगळ्यांनाच करावा लागतो. एकदा जिंकू द्या, मग मी स्वतः सांगतो तिला.’’

अंतिम सामन्याच्या दिवशी माझा थाट काय वर्णावा! वरच्या पायरीला उशी बांधली, दांड्याला छत्री लावली आणि मला धरायला कुस्ती संघातल्या दोन पैलवान मुली नेमल्या. मध्यंतरात त्यांनी मला काकांसकट उचलून दुसऱ्या टोकाला नेलं. माझ्या आयुष्यातली ती पहिली सवारी. काका डोळे मिटून दोन्ही हातांनी मला बिलगले होते.

सामना बरोबरीत सुटला. आता शूटआउट. म्हणजे एकेका मुलीने एकटीने चेंडू घेऊन यायचं आणि समोर फक्त गोलरक्षक. पंचांनी त्यासाठी नेमका पलीकडचा गोल निवडला. भिंतीपलीकडे मैदानात समर्थकांपुढे धर्मसंकट उभं राहिलं. शिडी हलवायची की नाही? मध्यंतरात हलवायची हे ठरलेलं होतं, पण शूटआउटसाठी आजवर हललीच नव्हती. बाई म्हणाल्या, हलवा. भोंगा म्हणाली, हात लावाल तर खबरदार. मामा मैदानाकडे पाठ करून दोघींना शांत करत होते. तिकडे शूटआउट सुरूही झालं.

‘‘मला काही दिसत नाहीये!’’ रंगारी वरून म्हणाला. कोणी लक्ष दिलं नाही. ‘‘ती एकटी उभी आहे तिकडे!’’ तरीही नाही.

मग त्याचे पाय माझ्या अगदी शेवटच्या पायरीवर आले. त्या पायरीवर कधी चढू नये, हे तो स्वतःच सगळ्यांना बजावायचा. क्षणभर पायांचा भार दुप्पट झाला आणि मग भारच नाहीसा झाला. तो भिंतीवरून आत उडी मारून गेला होता. मी तोल जाऊन पैलवानांच्या अंगावरून थेट गटारात.

पुढचं मी फक्त ऐकलं. ‘‘काका आत गेले! संपलं सगळं!’’ अशी भोंग्याची किंकाळी. मैदानभर ‘अरे देवा’. धावणारी पावलं. आणि मग रंगाऱ्याचा आवाज, जो मी घरातसुद्धा कधी मोठा झालेला ऐकला नव्हता: ‘‘पोरी, मी आहे गं इथे! तुझ्या मागेच आहे!’’

सगळीकडे शांतता पसरली. शिट्टी वाजली. स्टिकवर चेंडूची टकटक जवळ जवळ आली आणि पॅडवर ‘धप्’ असा आवाज झाला.

मग जिंकल्याचा जो गलका उठला त्याने माझ्या बुटाचा खिळा ढिला झाला. या सगळ्यात भोंग्याच्या किंकाळीने दचकून मामांनी वळून पाहिलं होतं आणि तो शेवटचा गोल अडवलेला त्यांना दिसला होता. ‘‘पाहिलं! मी पाहिलं! किती सुंदर खेळतात हो आपल्या मुली!’’ म्हणत ते जो भेटेल त्याच्या गळ्यात पडत होते. डबे बडवले गेले, झाकणं बडवली गेली, प्रशिक्षक बाईंना हवेत उडवलं गेलं आणि त्यांचा चष्मा मिळेपर्यंत सगळे गुडघ्यांवर रांगत नाचले. मग कोणाला तरी माझी आठवण झाली. मला गटारातून काढलं, धुतलं, आडवं केलं आणि माझ्यावर बाप-लेकीला बसवून खांद्यांवर घेतलं. मैदान मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. एवढुसं होतं हो! एका कोपऱ्यात तर गवतही नव्हतं. पण मला भरून आलं.

‘‘बाबा, आज काम नव्हतं?’’ लेकीने विचारलं.

माझा दांडा धरून चाललेले मामा खालून म्हणाले, ‘‘अगं, ते प्रत्येक सामन्याला असतात. भिंतीबाहेर, या शिडीवर. आम्हीच आत येऊ दिलं नाही.’’

‘‘थांबा. खाली ठेवा.’’

मिरवणूक थांबली. पॅड बांधलेली लेक खाली उतरली आणि तिने सगळ्यांवरून एकदा नजर फिरवली. ‘‘माझ्या बाबांना तुम्ही बाहेर उभं केलंत?’’ भोंग्याच्या तोंडून आवाज निघाला नाही, असं त्या कॉलेजात पहिल्यांदाच घडलं. मग लेक बापाकडे वळली. ‘‘आणि तुम्ही ऐकून घेतलंत?’’

‘‘तू हरायला नको होतीस,’’ तो म्हणाला.

‘‘मी हरले असते तर चाललं असतं, बाबा.’’ ती बापाच्या छातीवर डोकं टेकून हमसाहमशी रडली. मग नाक पुसून तिने हुकूम सोडला, ‘‘बाई, स्वेटर धुवा. मामा, तोंड इकडे. आणि बाबा पहिल्या रांगेत बसणार. जिंकलो तरी आणि हरलो तरी.’’

नव्या हंगामाचा पहिला सामना परवाच झाला. रंगारी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसला आणि संघ दणकून हरला. मला हे सगळं त्यानेच घरी येऊन सांगितलं. बाई बिनस्वेटरच्या बसून त्याच्याकडे तिरक्या डोळ्यांनी बघत होत्या. मामा पुन्हा पाठ फिरवायच्या बेतात होते. भोंग्याने तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं. तेवढ्यात घामाने निथळणारी लेक थेट त्याच्यापाशी आली आणि म्हणाली, ‘‘बाबा, पुढच्या शनिवारी इथेच.’’ मग भोंगा म्हणाली, ‘‘मी जागा धरते, काका.’’

आता सामन्याच्या दिवशी मी घरीच असते. गटारात पडून एक पायरी मोडली, ती त्याने नवी बसवली, पण माझी कंबर पहिल्यासारखी राहिली नाही. हॉकी चुकते म्हणून कधीकधी वाईट वाटतं. तरी तो आत बसलाय हे आठवलं की बरं वाटतं. मित्रांनो, काम झालं की शिडी आत घेत जा. बाहेर भिंतीला टेकवून ठेवलेली शिडी कुजते. आणि तिच्यावर कोणी उभं असेल, तर आधी त्याला आत घ्या.