देव्हाऱ्यातलं पासबुक

मी पासबुक बोलतोय. दोघांच्या नावाचं, वर कुंदन, खाली रूपाली. म्हसावदचं हे शेतकरी जोडपं. त्यांच्या केळीचे पैसे माझ्या खात्यात यायचे आणि रूपालीच्या शिवणकामाचेही.

दर दिवाळीला सासूबाई, निर्मलाबाई, मला लक्ष्मीपुढे ठेवून हळदीकुंकू वाहत. मग वर्षभर माझा मुक्काम देव्हाऱ्यातच. कुंदनचा सारा कारभार कार्डावर नि मोबाइलवर. मला कोण विचारतो?

गेल्या पोळ्यानंतर दोघांचं बिनसलं. लेक रुचिकाला घेऊन रूपाली शहाद्याला माहेरी निघाली. जाताना तिनं मला पिशवीत घातलं, तसा कुंदन हसला.

"ते कसाले लई जास? ते पूजानं शे."

पूजेचं पुस्तक कशाला न्यायचं, असं वाटलं त्याला. इथेच तो फसला. पूजेतला असलो तरी मी मुका नव्हतो.

दर सोमवारी रूपाली मला बँकेच्या छपाईयंत्रात घालू लागली. केळीचे दीड लाख जमा झालेले दिसले. तिसऱ्याच दिवशी साठ हजार काढलेले, मग पुन्हा चाळीस. तिच्या घामाचे पैसेही त्यात होते हो! ती मात्र रडत बसली नाही. प्रत्येक ओळीपुढे ती बारीक पेन्सिलीनं खर्चाचं कारण लिही. ठाऊक नसेल तिथे 'माहीत नाही'. रागाच्या भरात तिनं अंदाजाचं एक अक्षर लिहिलं नाही. या बाईपुढे मी मनोमन हात जोडले.

एकदा रुचिकाच्या फीसाठी तिनंही चार हजार काढले. तिची आई घाबरली. "हाई नको लिखू. वकील पकडी तुले."

"मीच काढेल शेतस ना, माय? मंग लिखसूच." आणि त्या ओळीपुढे तिनं 'रुचिकाची फी' असं लिहिलंच.

कोर्टात रूपालीचा पोटगीचा अर्ज आला तेव्हा कुंदन म्हणाला, "केळी वाऱ्यानं पडली, बाईसाहेब. हातात काही आलंच नाही." रूपालीनं मला पुढे केलं. कुंदनच्या वकिलानं मला उलटंपालटं केलं आणि ओरडला, "बाईंनीही पैसे काढलेत!"

"हो. लेकीची फी. तिथेच लिहिलंय. पावतीही आणली आहे," रूपाली शांतपणे म्हणाली.

न्यायाधीशबाईंनी मला हातात घेतलं. त्या पानं सावकाश वाचत गेल्या. 'माहीत नाही' वर बोट ठेवून त्यांनी कुंदनकडे पाहिलं. "हे साठ हजार कशाला काढले, यांना माहीत नाही. तुम्ही सांगा." मग पुढच्या ओळीवर बोट गेलं. मग तिच्याही पुढच्या ओळीवर. कुंदन वकिलाच्या कानाशी लागला.

त्या दिवशी हुकूम झाला: निकाल लागेपर्यंत दोघांच्या सह्यांशिवाय पैसा हलणार नाही, आणि रुचिकाचा खर्च कुंदन दरमहा देईल.

आता माझ्यात तीनच ओळी उरल्यात. लवकरच नवं पुस्तक येईल नि मी ट्रंकेत जाईन. जाता जाता एवढंच मागतो, बायांनो, तुमच्या देव्हाऱ्यात माझं भावंड असेल, तर त्याला एकदा बँकेत नेऊन आणा. हळदीकुंकू मागाहून वाहिलंत तरी चालेल.